दुसऱ्या मजल्यावरचा कायदा

ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईतल्या खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात एक लग्न लागलं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, जिना चढा. नवरी होती अपंगहक्क कार्यकर्त्या विराली मोदी. त्या व्हीलचेअर वापरतात. सह्यांपुरतं खाली या, अशी विनंती अधिकाऱ्यांना करून पाहिली, पण कोणी खाली आलं नाही. शेवटी नवरीला उचलून दोन मजले वर नेण्यात आलं. हा प्रकार त्यांनी समाजमाध्यमावर लिहिला, तो देशभर वाचला गेला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यांची जाहीर माफी मागितली.

माफीने विषय मिटला असं वाटू शकतं. पण तारखा पाहाव्यात. ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम’ संसदेने डिसेंबर 2016मध्ये मंजूर केला आणि 19 एप्रिल 2017पासून तो लागू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने नियम काढले. ते निघाल्यापासून पाच वर्षांच्या आत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा कराव्यात, असं 45वं कलम सांगतं. म्हणजे मुदत जून 2022मध्येच संपली होती. खारचा जिना कायद्यानंतर सहा वर्षांनीही तसाच राहिला, कारण दिल्लीतल्या राजपत्रातलं कलम त्या जिन्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी ज्यांची होती, ते सगळे राज्याच्या आणि पालिकेच्या कचेऱ्यांत बसतात.

या विषयाची खरी गोम इथेच आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्यांची आणि दोघांची अशा तीन याद्या आहेत. अपंगांना साहाय्य हा विषय राज्यांच्या यादीत नवव्या क्रमांकावर येतो. मग संसदेला कायदा कसा करता आला? भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क करारावर 2007मध्ये शिक्कामोर्तब केलं आणि आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी राज्यांच्या विषयावरही कायदा करण्याचा अधिकार 253वं कलम संसदेला देतं. त्या वाटेने कायदा आला. पण राज्याचे नियम, आयुक्त, सल्लागार मंडळ, विशेष न्यायालयं, निधी, पेन्शनची रक्कम, नोकरीतल्या आरक्षणाची बिंदुनामावली, शिक्षकांच्या रजा, हे सारं राज्यांकडेच राहिलं. नियम करायला राज्यांना सहा महिने दिले होते. किती राज्यांनी तेवढ्यात केले, हे विचारू नये.

त्यामुळे अपंग व्यक्तीच्या घरात कायदा म्हणून जे येतं ते अधिनियमाचं पुस्तक नसतं. एखादा जीआर येतो, सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाची तारीख येते, तहसीलमधून उत्पन्नाच्या दाखल्याची मागणी येते. आणि हे कागद कोणते, कुठे, कुणाकडे मागायचे हे शोधून काढण्याचं काम बहुतेक घरांत आईकडे असतं.

2011च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांपैकी सुमारे 29 लाख 63 हजार महाराष्ट्रात. ही मोजणी जुन्या, आखूड यादीवर झाली होती. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या कायद्यात ते एकवीस झाले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, बुटकेपणा, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, ॲसिडहल्ल्यात होरपळलेल्या व्यक्ती, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांना कायद्याने प्रथमच आपल्या कवेत घेतलं.

सिकलसेलचं नाव येणं महाराष्ट्रासाठी मोठं होतं. विदर्भात, विशेषतः गडचिरोली आणि नागपूरच्या परिसरात, तसंच नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा रक्ताचा आजार पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. दिसायला धडधाकट असलेलं मूल अचानक सांध्यांच्या कळांनी आठवडाभर अंथरुणाला खिळतं, शाळा बुडते, रक्त चढवावं लागतं. अशा मुलाला प्रमाणपत्र मिळू लागलं. उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागांसाठी ते चालतं. नोकरीचं मात्र वेगळं. 34व्या कलमाने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा ठेवल्या, त्या अंध आणि अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग गट, आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांचा एकत्रित गट अशा चौघांत एकेक टक्का वाटल्या. रक्ताचे तिन्ही आजार या वाटणीत कुठेच नाहीत. महाविद्यालयाचं दार उघडणारं सर्टिफिकेट नोकरीच्या अर्जात काही कामाचं नाही, हे त्या घरांना मूल पदवीधर झाल्यावर कळतं.

या सर्टिफिकेटवर लिहिलेला आकडा म्हणजे अपंगांच्या जगातलं चलन. ‘किती टक्के?’ हा प्रश्न नावाच्याही आधी विचारला जातो. चाळीसच्या वर असाल तर आरक्षण, पेन्शन, एसटीची सवलत. एकोणचाळीसवर थांबलात तर जवळपास काहीच नाही. डॉक्टरांच्या बोर्डापुढे पाच मिनिटांत पडणारा हा आकडा पुढची सगळी वर्षं ठरवतो.

आकड्याचा हट्ट किती विचित्र होऊ शकतो हे 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिसलं. वाचा आणि भाषेचं अपंगत्व असलेल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला एमबीबीएसला प्रवेश हवा होता. राखीव जागेसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. पण वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांप्रमाणे त्याच्या प्रकारात 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर विद्यार्थी डॉक्टर व्हायलाच अपात्र. आरक्षण मिळवणारा आपोआप अपात्र, आणि पात्र असणाऱ्याला आरक्षण नाही. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या या प्रकरणात मूळचे अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने ऑक्टोबरमध्ये सविस्तर निकाल दिला. नुसत्या टक्क्यावर कुणाला बाहेर काढता येणार नाही, हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करू शकतो का हे मंडळाने तपासलं पाहिजे, असं पीठ म्हणालं. वैद्यकीय मंडळाचा अहवाल अनुकूल आला आणि त्याचा प्रवेश कायम झाला.

त्याआधी 2021मध्ये याच दिशेने एक पाऊल पडलं होतं. लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला, कारण तो चाळीसच्या रेषेत बसत नव्हता. आरक्षण वेगळं आणि सोय वेगळी, सोयीला टक्क्यांची अट घालता येत नाही, असा निकाल लागला. पुढच्या वर्षी केंद्राने चाळीसच्या खालच्या परीक्षार्थींसाठीही लेखनिकाचे नियम काढले. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ देणं महाराष्ट्राने विसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू केलं होतं, ‘तारे जमीं पर’ पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी. प्रत्येक चांगली गोष्ट दिल्लीहूनच येते असं नाही.

मात्र आकड्याला किंमत आली की त्याची चोरीही होते. 2024मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांवरून वादळ उठलं, आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली आणि खोट्या सर्टिफिकेटांची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत गेली. त्याच वर्षी केंद्राने नियम बदलले. प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली. यूडीआयडी या अपंगत्वाच्या ओळखपत्रांना रंग आले: चाळीसच्या खाली पांढरं, चाळीस ते एकोणऐंशी पिवळं, ऐंशी आणि वर निळं. महाराष्ट्रातही अपंग कोट्यातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी सुरू झाली. बोगस लोक पकडले गेले तर वाईट कुणालाच वाटणार नाही. पण पोलिओने पाय गेलेल्या शिक्षकाला पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा बोर्डापुढे उभं करणं, आणि ‘तात्पुरतं’ असा शेरा मारून डाऊन सिंड्रोमच्या मुलाला पाच वर्षांनी परत बोलावणं, यात चोर पकडला जात नाही. डाऊन सिंड्रोम पाच वर्षांत बरा होत नसतो.

कुटुंबांचा उल्लेख कायद्यात फार कमी येतो, पण गेल्या काही वर्षांत राज्यांच्या नियमांना धक्का देणारी दोन महत्त्वाची प्रकरणं आयांनी उभी केली.

पहिली आई हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी महाविद्यालयात सहायक प्राध्यापिका. मुलाला जन्मतः हाडं ठिसूळ असण्याचा जनुकीय आजार. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांच्या हक्काच्या सगळ्या रजा संपल्या. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. हिमाचलने तो नियम स्वीकारलाच नव्हता, म्हणून अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. 22 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याला खडसावलं: स्त्रियांनी नोकरीत असणं ही कुणी केलेली मेहेरबानी नाही, घटनेची ती अपेक्षा आहे, आणि अपंग मुलाच्या आईला रजा नाकारणं म्हणजे तिला नोकरी सोडायला लावणं. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून धोरण तपासा, असा आदेश निघाला. महाराष्ट्र या बाबतीत पुढे होता. अपंग अपत्य असलेल्या राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना 730 दिवसांपर्यंतची विशेष रजा इथे 2016पासून आहे. अर्थात ही सोय सरकारी पगारपत्रकावर नाव असलेल्या आईची. धुणीभांडी करणारीने मुलाला थेरपीला न्यायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि तिच्या रजेचा नियम करायला कुणी समिती नेमलेली नाही.

दुसऱ्या आईने नुसतं एक पत्र लिहिलं. मध्य प्रदेशाच्या न्यायिक सेवा नियमांत अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायाधीश होण्यास मज्जाव करणारा नियम होता. तिच्या मुलाला न्यायाधीश व्हायचं होतं. पत्र सरन्यायाधीशांकडे गेलं आणि त्याचीच याचिका करण्यात आली. 3 मार्च 2025 रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी तो नियम रद्द केला. दृष्टी नाही एवढ्या कारणावरून कुणालाही न्यायाच्या खुर्चीपासून लांब ठेवता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं. पत्राची याचिका करणारे सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड. ते स्वतः दोन अपंग मुलींचे पालक आहेत आणि तो अनुभव त्यांनी जाहीरपणे सांगितलेला आहे. अपंगहक्कांचे बरेच महत्त्वाचे निकाल त्यांच्याच काळात लागले, यात काही योगायोग नसावा.

आता पैशाकडे. महाराष्ट्रात खेडोपाडी ‘निराधारचे पैसे’ म्हटलं की सगळ्यांना कळतं: संजय गांधी निराधार अनुदान योजना. 2023मध्ये ते दरमहा 1,000 रुपयांवरून 1,500 झाले, विधवांना तेवढेच आणि अपंगांनाही तेवढेच. आता 2016च्या कायद्याचं 24वं कलम वाचावं. इतरांसाठीच्या तशाच योजनेत जेवढी मदत असेल त्यापेक्षा अपंगांना किमान 25 टक्के जास्त द्यावी, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. 1,500 वर 25 टक्के म्हणजे 1,875. कायदा 2017पासून लागू, आणि रक्कम मात्र सगळ्यांना एकच. कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. माजी आमदार बच्चू कडू यांनी अपंगांच्या मानधनासाठी अनेकदा आंदोलनं केली. जून 2025मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंजात उपोषण केलं तेव्हा मागणी दरमहा 6,000ची होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने अपंगांसाठी रक्कम 2,500 केली. वाढीची बातमी वर्तमानपत्रांत सरकारच्या उदारपणाची म्हणून छापून आली. एक तृतीयांशाहून जास्त वाटा तर आठ वर्षं उशिरा आलेल्या थकबाकीचा होता, असं म्हटलं तर चूक ठरू नये.

आणि उत्पन्नाची अट? अपंगांसाठी ती कुटुंबाच्या वार्षिक 50,000 रुपयांची आहे, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारही नाहीत. शेतमजुरी करणाऱ्या नवराबायकोच्या घरातही वर्षाला यापेक्षा जास्त येतं. म्हणून तलाठ्याकडून ‘बसेल असा’ दाखला मिळवणं हे एक कौशल्य होऊन बसतं. अट कागदावर ठेवायची आणि ती पाळल्याचं नाटक सगळ्यांनी मिळून करायचं, अशी ही रीत आहे.

दुसरा पैसा स्थानिक संस्थांचा. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के अपंगांवर खर्च करायचे, असा महाराष्ट्राचा नियम आहे. आधी तो 3 टक्के होता. ग्रामपंचायतीच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून जमणाऱ्या पैशाचे 5 टक्के काढले तर छोट्या गावात रक्कम किरकोळ निघते. मोठ्या पालिकेत ती कोटींत जाते. वर्षअखेरीला निधी पडून राहतो किंवा मार्चमध्ये घाईघाईने साहित्यवाटप होतं. ग्रामसभेत या पाच टक्क्यांचा हिशेब विचारणारा एक माणूस असला की फरक पडतो, हे अनेक गावांनी पाहिलं आहे.

2016च्या कायद्यात आणखी एक वाक्य आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. ज्यांना सतत मदतीची गरज आहे अशा अपंगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता देण्याच्या योजना राज्यांनी कराव्यात, असं 24वं कलमच म्हणतं. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना अशा काळजीवाहकांना दरमहा 600 रुपये देते. सहाशे रुपयांत काही होत नाही, हे खरंच. पण आईचं काम हेही काम आहे असं एका सरकारी कागदावर छापलं गेलं, हे त्या कागदाचं मोल.

मूल अठरा वर्षांचं होतं तेव्हा या घरांमध्ये एक नवाच प्रश्न येऊन उभा राहतो. कालपर्यंत आईवडिलांची सही चालत होती. आज बँक म्हणते, खातेदार सज्ञान आहे, त्याची सही आणा. बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला सही करता येत नाही, किंवा करता आली तरी काय केलं ते समजत नाही. आईवडील असूनही कायद्याने ते आता त्याचे कुणी नसतात.

यासाठी 1999चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. समितीत अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असतात. वकील लागत नाही, दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. याच न्यासाच्या ‘निरामय’ विम्यातून वर्षाला एक लाखापर्यंतच्या उपचारांची सोय आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो. ज्या पालकांना या दोन्ही गोष्टी माहीत असतात, त्यांना त्या बहुतेक वेळा दुसऱ्या पालकांनी सांगितलेल्या असतात.

2016चा कायदा इथे वेगळ्या वाटेने जातो. 14व्या कलमात ‘मर्यादित पालकत्व’ आहे. पालकाने अपंग व्यक्तीच्या जागी निर्णय घ्यायचा नाही, तिच्याबरोबर बसून घ्यायचा. तोही ठरावीक कामापुरता, ठरावीक काळापुरता आणि तिच्या इच्छेप्रमाणे. संयुक्त राष्ट्रांच्या करारातला हा विचार उमदा आहे. ज्या मुलीला पैसे मोजता येत नाहीत तिलाही कोणाबरोबर राहायचं, कुठलं काम करायचं हे सांगता येतं, आणि तिला विचारलंच पाहिजे. पण सगळा भार ज्याच्यासाठी उचलावा लागतो अशा मुलाच्या आईला ‘मर्यादित’ या शब्दाची भीती वाटते. घर नावावर करायचं, मुदतठेव मोडायची, वसतिगृहात ठेवायचं, प्रत्येक कामासाठी नवा आदेश आणायचा का? दोन्ही कायदे एकाच वेळी जिवंत आहेत आणि बँकेतला अधिकारी कुठला मागेल याचा नेम नसतो.

काही माणसं तर दोन्हींच्या मधल्या फटीत पडतात. अपघाताने कोमात गेलेल्या नवऱ्याचं खातं चालवायला, त्याच्या उपचारांसाठी त्याचेच पैसे काढायला बायकोला मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालकत्व मिळवावं लागलं आहे, आणि हे एकदा नाही, अनेकदा घडलं आहे. मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ देतो, पण त्याचा अधिकार उपचारांपुरता. मालमत्तेला तो हात लावू शकत नाही.

‘आमच्यानंतर कोण?’ हा प्रश्न पालकसभांमध्ये सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात येतो. आयकर खात्यालाही तो 2022मध्ये ऐकू आला म्हणायचा. 80डीडी कलमाखाली अपंग मुलाच्या नावे विमा घेतला तर वजावट मिळते, पण त्याचे पैसे मुलाला पालकाच्या मृत्यूनंतरच मिळाले पाहिजेत अशी अट होती. म्हणजे मुलाला मदत मिळण्यासाठी बापाने मरायला हवं! पालक साठ वर्षांचा झाला आणि हप्ते थांबले की हयातीतच मुलाला रक्कम सुरू व्हावी, असा बदल त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने केला.

इमारतींकडे पुन्हा वळायचं तर त्यांच्या मागेही एक लांब खटला आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन व्यक्तीने सार्वजनिक जागा अपंगांसाठी सुगम व्हाव्यात म्हणून 2005मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा महत्त्वाचा निकाल 2017च्या डिसेंबरमध्ये आला, आणि त्यानंतरही फारसं हललं नाही म्हणून दुसरा 8 नोव्हेंबर 2024 रोजी. अडचण सापडली ती नियमांत. कायदा म्हणतो सुगमतेचे मानदंड बंधनकारक आहेत. केंद्राच्या 15व्या नियमात ज्या मार्गदर्शिका जोडल्या होत्या त्या मात्र शिफारशीच्या भाषेत होत्या. ‘असावं’, ‘शक्य असल्यास’, ‘विचार करावा’. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. बंधनकारक मानदंड पाळला नाही तर इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच देता येत नाही, ही कायद्यातली खरी दातेरी बाजू. बिल्डरला दंडापेक्षा भोगवटा अडकण्याची भीती जास्त असते.

मुंबईच्या पदपथांची गोष्ट तर उलटीच. दुचाक्या वर चढू नयेत म्हणून महापालिकेने पदपथांच्या तोंडाशी खांब रोवले, आणि ते इतके जवळजवळ की व्हीलचेअर आत जाईना. 2023मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराच्या ई-मेलवरून उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. त्या सुनावणीत पुढे असं निघालं की कायद्याने नेमायचं राज्य सल्लागार मंडळच 2020पासून बंद पडल्यासारखं आहे, कारण अशासकीय सदस्यांच्या नेमणुका झालेल्या नाहीत. खांबावरून सुरू झालेला खटला मंडळापर्यंत गेला आणि न्यायालयाला राज्याकडून मंडळ नेमून घ्यावं लागलं.

आणि हे त्या राज्यात, ज्याने 3 डिसेंबर 2022 रोजी, जागतिक अपंग दिनी, अपंगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला. विभाग झाला ही लहान गोष्ट नाही. आधी अपंगांची फाइल सामाजिक न्याय विभागाच्या गठ्ठ्यात तळाशी असे. पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यांना समन्स काढण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं ते संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. शिफारस मानलीच पाहिजे असं मात्र नाही. न मानल्याचं कारण कळवलं की झालं.

शेजारच्या गोव्याने दुसरा मार्ग धरला. तिथे जानेवारी 2023पासून पणजीत ‘पर्पल फेस्ट’ भरू लागला. उत्सवाने कायदा लागू होत नाही असं म्हणणारे म्हणोत, पण हजारो अपंग पाहुणे एकदम शहरात येणार म्हटल्यावर उतार, शौचालयं, सांकेतिक भाषेचे दुभाषे आणि समुद्रात उतरण्याची सोय यांची तारीख ठरते, आणि सरकारी कामाला तारीख असणं हेच निम्मं यश असतं.

सगळ्यात धाडसी नवा कायदा तमिळनाडूचा. एप्रिल 2025मध्ये मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी विधानसभेत दोन दुरुस्त्या मांडल्या, एक शहरी स्थानिक संस्थांच्या आणि एक पंचायतींच्या कायद्यात. त्यानुसार अपंग व्यक्तींना स्थानिक संस्थांवर सदस्य म्हणून नेमायचं ठरलं. सरकारने सांगितलेले आकडे असे: शहरी संस्थांत 650, ग्रामपंचायतींत 12,913, पंचायत समित्यांच्या पातळीवर 388 आणि जिल्हा पंचायतींत 37. नेमणूक म्हणजे निवडणूक नव्हे, हे खरं, आणि नेमलेला माणूस नेमणाऱ्याचं ऐकतो ही शंकाही रास्त आहे. तरी ज्या गावात पाच टक्के निधीचा हिशेब वाचला जातो, त्या बैठकीत एक अपंग सदस्य टेबलाच्या आतल्या बाजूला बसणार.

महाराष्ट्राच्या महापालिकांमध्ये ‘स्वीकृत नगरसेवक’ ही तरतूद आधीपासून आहे. विशेष ज्ञान आणि अनुभव असलेल्यांनी सभागृहात यावं म्हणून ती केली. निकष डॉक्टर, वकील, अभियंता, शिक्षणतज्ज्ञ, सनदी लेखापाल, सामाजिक संस्थांचे पदाधिकारी असे व्यवसाय आणि कामाचे आहेत. प्रत्यक्षात या जागांवर बहुतेक वेळा पक्षातले नाराज आणि पडलेले उमेदवार सामावून घेतले जातात. पदपथाच्या खांबांमधलं अंतर किती असावं, हे व्हीलचेअरवरून रोज मोजणाऱ्या माणसाचा अनुभव यातल्या कुठल्या निकषात बसवायचा, हे ठरवायला संसदेची गरज नाही. हा विषयही राज्याच्याच यादीतला आहे.